पहिली चकती

बचनाग ज्याने कापला त्यानेच शिजलेल्या भांड्यातली पहिली चकती खायची, असा लो घराण्यात नियम होता. तो कोणी घालून दिला हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्यामागचा विचार उघड होता. जे सगळ्यांच्या आधी आपल्याच पोटात जायचं आहे, ते माणूस जपून कापतो.

लो थिंगवेन वडील गेल्यापासून हे काम करत आला होता. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, हिवाळ्याच्या ऐन मध्यावर, घरच्या शेतातला बचनाग डुकराच्या पायांबरोबर आणि भरपूर आल्याबरोबर शिजायचा. उन्हाळ्यात काढलेले कंद लगेच, मीठ काढल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यात बुडवून ठेवलेले असत, नाहीतर ते एका रात्रीत सडतात. मग ते वाळायचे, आणि या दिवसाच्या आधी पुन्हा साध्या पाण्यात भिजत पडायचे. पाणी बदलायचं, पुन्हा बदलायचं. पहाटे थिंगवेन कापायचा आणि त्याची बायको सूझेन भांडं चुलीवर चढवायची. त्यानंतर ती चुलीसमोरून उठायची नाही. आच मंदावू द्यायची नाही, आणि पाणी आटलं तर शेजारच्या किटलीतलं उकळतंच ओतायची. कच्चा बचनाग माणूस मारतो. नीट शिजलेला थंडीत हाडं ऊबदार ठेवतो. दोन्हींत फरक करणारी गोष्ट म्हणजे आच आणि वेळ, आणि शेवटी थिंगवेनची जीभ. चकती खाऊन तो उदबत्ती जळून संपेपर्यंत बसायचा. जीभ बधिर झाली नाही की वाडगे भरले जायचे.

सूझेन मागच्या वसंतात गेली. या वर्षी भांडं सून सांभाळणार होती.

पहाटे अंगणात धुकं इतकं दाट होतं की संत्र्याची झाडं नुसती काळसर दिसत होती. थिंगवेनने कापायचा पाट मांडला, भिजलेले कंद पुसून घेतले आणि कापायला बसला. पहिल्या काही चकत्या बऱ्या उतरल्या. मग उजव्या हातातली सुरी हळूहळू बाहेरच्या बाजूला कलायला लागली. त्याने ती सरळ केली. ती पुन्हा कलली. त्याने मूठ घट्ट आवळली, तेव्हा पातं कंदात नको तितकं आत उतरलं आणि चकती सुटण्याऐवजी फोड पडली.

हे भाताच्या कापणीपासून चालू होतं. त्या दिवशी बांधावर उभं असताना त्याच्या हातातला विळा आपोआप गळून पडला. तो उचलायला हात गेलाच नाही. शेजारचा खोंग पलीकडच्या शेतातून काहीतरी ओरडला, त्याला उत्तर द्यायला थिंगवेनने तोंड उघडलं तर शब्दांऐवजी लाळ आली. तो बांधावर बसून राहिला. बदकं घराकडे परतेपर्यंत बोलणं परत आलं, चालणंही आलं. हातातला जोर मात्र पूर्ण आला नाही, आणि तोंडाच्या उजव्या बाजूला, गालापासून जिभेच्या अर्ध्या भागापर्यंत, काहीतरी लाकडासारखं राहिलं. गरम चहा त्या बाजूला नुसताच ओला लागायचा.

त्याने कुणाला सांगितलं नाही. त्याला कारण होतं. सूझेनचे दिवस झाले त्या संध्याकाळी मुलगा चाओलिन म्हणाला होता, "बाबा, आमच्याकडे शहरात चला." आणि तो "नाही" म्हणाल्यावर चाओलिनने वाद घातला नव्हता. "ठीक आहे. धडधाकट आहात तोवर राहा इथे. पण काही झालं तर मी विचारणार नाही, सरळ गाडीत घालून नेईन." बापाने मान हलवली होती. सौदा सरळ होता.

"बाबा, झालं का?" दारातून सुनेने, रुइफांगने, विचारलं. ती शहरात एका शाळेच्या खाणावळीत काम करायची. नवराबायको आदल्या दिवशीच आले होते.

"झालं. घेऊन जा."

तिने पाट उचलला. मग आत जाण्याआधी ती जरा थांबली, चकत्यांकडे बघत. थिंगवेनच्या लक्षात आलं. पहिलंच भांडं आहे, घाबरली असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

"आच सोडू नकोस," तो म्हणाला.

"नाही सोडणार."

"आणि थंड पाणी..."

"बाबा, एवढं मला माहीत आहे हो. आईंनी दर वर्षी मला शेजारी बसवून घेतलंय. घडोघडी सांगायच्या."

ती आत गेली. थोड्या वेळाने चुलीत लाकडं तडतडली.

दुपारी खोंग आला. तो दर वर्षी यायचा. त्याच्या घरी बचनाग शिजत नसे, कारण त्याच्या बायकोचा म्हणे स्वतःच्या नवऱ्याच्या जिभेवर भरवसा नव्हता. हातात संत्र्यांची पिशवी. पायरीवर बूट झटकत त्याने तिथूनच सुरुवात केली.

"काय लो, लागवड झाली म्हणे तुझी! या वेळी तरी रोपाला तीन पोरं ठेवणार की दोनच?"

"दोन."

"कंजूष! अरे, आईकंदाला जड होत नाहीत तीन. वसंतात माती उकरायची, बारीकसारीक पोरं नखाने खुडून टाकायची, तीन धष्टपुष्ट ठेवायची. माझ्या बापाने तीन ठेवली."

"तुझ्या बापाचे कंद सुपारीएवढे निघायचे."

"आणि तुझे?"

"माझे दोन निघतात, पण मुठीत मावत नाहीत."

चाओलिन हसला. तो ओट्यावर बसून फोनवर रस्त्याची बातमी बघत होता. "खोंग काका, हे तुमचं भांडण मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय."

"मग मिटव ना तू! तू तर शेतातच येत नाहीस. रोपं छाटायची म्हटली की तुझी पाठ दुखते. तुझ्या बापाची बघ, इतक्या वर्षांत कधी दुखली नाही. काय रे लो?"

"नाही दुखली," थिंगवेन म्हणाला.

"लोखंडाचा आहे म्हातारा. आणि जीभ तर सोन्याची! मी गावात सांगतो, ती जीभ मेल्यावर देवळात ठेवा."

थिंगवेन उठून आपल्या खोलीत गेला.

जीभ. सकाळपासून तो तिच्याबद्दल विचार करायचं टाळत होता. डावी बाजू चांगली होती, याची त्याला खात्री होती. चकती डाव्या बाजूने चावायची, बस्स. पण खात्री आणि चाचणी एक नव्हे. गेल्या महिन्यात डावी बाजू चांगली होती. आज आहे का?

पेटीवर फडक्याखाली तिरफळाची बरणी होती. बचनागाच्या दिवशी घरात कुणीही तिरफळ तोंडात घालायचं नाही, कारण तिरफळानेही जीभ झिणझिणते आणि मग काहीच कळत नाही. म्हणून सूझेन दर वर्षी ती बरणी स्वयंपाकघरातून हलवायची. रुइफांगने ती सासऱ्याच्या खोलीत आणून ठेवली होती. घरातल्या सगळ्यांत ज्याला सांगायची गरज नाही असा माणूस तोच होता.

त्याने दोन दाणे काढले. एक जिभेच्या उजव्या बाजूला दाढेखाली चावला. काहीच नाही. नुसता कडवट वास नाकात चढला. दुसरा डाव्या बाजूला. थोडा वेळ काही नाही, आणि मग आली, ती ओळखीची झिणझिण, मुंग्या चढल्यासारखी, दातांच्या कडेपर्यंत. थिंगवेनने डोळे मिटले. जिवंत होती. दिवस मावळल्यावर जेवण, म्हणजे जीभ स्वच्छ व्हायला भरपूर अवकाश. त्याने टरफलं थुंकली, कोमट पाण्याने चूळ भरली आणि बरणीवर फडकं होतं तसं घातलं.

तो बाहेर आला तेव्हा चाओलिन उभा होता.

"बाबा, आपण आत्ताच जेवूया का? नदीवर धुकं परत उतरतंय. अंधार पडला की पुलाकडचा रस्ता बंद करतील, आणि उद्या मला कामावर हजर व्हायचंय."

"अंधार पडल्यावर जेवायची पद्धत आहे."

"पद्धत आहे, पण भांडं कधीच शिजलं असेल. हो की नाही गं?"

रुइफांग स्वयंपाकघराच्या दारात आली. चेहरा आचेने लालबुंद झाला होता. "आईंचं या वेळेपर्यंत शिजलेलं असायचं. पुढे त्या नुसतं निखाऱ्यावर ठेवायच्या, सगळे जमेपर्यंत."

"मग झालं तर!" खोंग हात चोळत म्हणाला. "मी तर सकाळपासून उपाशी आहे. बायको म्हणाली, लोच्या घरी जेवायचंय तर इथे कशाला खातोस."

थांबा म्हणायला कारण लागतं. थिंगवेनकडे कारण होतं, पण ते एकटं नव्हतं. ते ओढलं की मागचं सगळंच बाहेर येणार होतं.

"आणा," तो म्हणाला.

मातीचं भांडं दोन्ही हातांनी धरून रुइफांगने ते टेबलाच्या मध्यावर ठेवलं. झाकण काढलं तशी आल्याची आणि चरबीची वाफ वर गेली. देव्हाऱ्यातल्या सूझेनच्या फोटोसमोर चाओलिनने उदबत्ती लावली. सगळे बसले. रुइफांग बसली नाही. ती फडक्यात हात गुंडाळून भिंतीशी उभी राहिली, परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या मुलीसारखी.

पहिली चकती सगळ्यात जाड निवडायची असते. थिंगवेनने डाव्या हातात जेवायच्या काड्या धरल्या. खोंग म्हणाला, "हे काय, डावखुरा कधी झालास?" त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं, चकती उचलली, डाव्या बाजूला सरकवली, सावकाश चावली आणि गिळली.

मग तो वाट पाहू लागला.

जीभ झिणझिणत होती. हे त्याला आधीच माहीत होतं. प्रश्न होता तो ही झिणझिण कशाची याचा. दोन्हींची चाल वेगळी असते हे तो जाणून होता. तिरफळ पटकन चढतं आणि हळूहळू उतरतं. बचनाग उशिरा येतो, पण आला की वाढत जातो, जिभेवरून ओठांवर, ओठांवरून बोटांच्या टोकांपर्यंत. म्हणजे बसून राहायचं आणि झिणझिण चढते की उतरते एवढंच बघायचं. सोपं होतं.

पण ती चढेना आणि उतरेना. कधी वाटे कमी झाली. मग वाटे, आपण तिच्याकडे इतकं लक्ष देतोय म्हणून ती आहे. ओठांचं म्हणाल तर उजवा अर्धा ओठ तसाही गेला होता, आणि उजव्या हाताची बोटं कापणीपासूनच मुकी होती.

"काय लो, बोल की!" खोंगने वाडगा पुढे ओढला.

"उदबत्ती संपू दे."

त्याने रुइफांगकडे पाहिलं. भांडं कच्चं आहे असं तो म्हणाला, तर ते मागच्या खड्ड्यात ओतलं जाणार, वर माती टाकली जाणार. खोंग उद्या सकाळी बाजारात असणार. लोच्या सुनेचं पहिलं भांडं खड्ड्यात गेलं, हे इथली माणसं ती म्हातारी होईपर्यंत सांगत राहतील. आणि ते शिजलेलं असेल तर तिचा काहीच दोष नसताना. उलट, ठीक आहे असं म्हणाला आणि ते ठीक नसेल, तर या टेबलाशी बसलेली तीन माणसं आणि उभी असलेली एक. चुका दोन शक्य होत्या. एकीत बदनामी होती, दुसरीत मरण. त्यांत निवड करायला वेळ लागू नये. पण तिसरीही एक वाट होती, खरं सांगण्याची, आणि तिच्यावर त्याचं घर, अंगण आणि नुकतंच लागवड केलेलं शेत पणाला लागणार होतं.

उदबत्तीची राख वाकली आणि पडली.

"मला कळत नाही," थिंगवेन म्हणाला.

खोंग हसला. मग त्याने बघितलं की दुसरं कुणी हसत नाही.

"कळत नाही म्हणजे?" चाओलिन म्हणाला.

"जीभ झिणझिणतेय. पण भांड्यानेच असं नाही. मघाशी मी तिरफळ चावलं."

"आज?" खोंगचा वाडगा टेबलावर आपटला. "तू? अरे, माझ्या पोराने एकदा लोणच्यातला दाणा चावला तर तू त्याला अंगणात उभा केला होतास!"

"हो."

"मग का चावलंस?"

"जीभ चालते का बघायला."

त्यापुढचं त्याने फार लांबवलं नाही. बांध, विळा, लाळ, बदकं. तो ते शेजाऱ्याच्या आजारपणाची हकीकत सांगावी तसं सांगत गेला, देव्हाऱ्याकडे बघत. खोंगने पिशवीतलं एक संत्रं काढलं, हातात फिरवलं आणि परत ठेवलं.

"त्या दिवशी मी तुला हाक मारली होती," तो शेवटी म्हणाला. "तू उत्तर दिलं नाहीस. मी म्हटलं, माजलाय."

रुइफांग पुढे आली होती. तिने आधी सासऱ्याचं मनगट धरलं, नाडी बघितली, बोटं दाबून विचारलं, "इथे मुंग्या? छातीत धडधड?" नाही म्हणाल्यावर तिने त्याच्यापुढे कोमट पाणी ठेवलं. मग पळी भांड्यात खोल घातली आणि तळाच्या चकत्या वर काढून पाटावर मांडल्या. त्यातल्या जाड निवडल्या. एक सुरीने मधोमध चिरली. कडेला ती गोंदासारखी पारदर्शक झाली होती. मध्यभागी खडूसारखा पांढरा ठिपका होता.

सगळ्यांनी तो पाहिला.

"कच्चा आहे," ती म्हणाली. "पातळ आहेत त्या शिजल्यात. या नाही." तिने सुरी पाटावर ठेवली. "सकाळीच दिसल्या होत्या मला."

"मग बोलली का नाहीस?" चाओलिनचा आवाज चढला.

"बाबांनी कापल्या होत्या." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "त्यांनी कापलेल्यावर मी पुन्हा सुरी लावू? आईंनी तरी कधी लावली होती? मला वाटलं, या वर्षी जाडच हव्या असतील. असेल काहीतरी कारण."

"कारण होतं," थिंगवेन म्हणाला.

त्याच्या जिभेवर जे होतं ते तिरफळ होतं की बचनाग, हे मात्र आता कधीच कळणार नव्हतं. दोन्ही असू शकत होतं. त्याने पाणी प्यायलं. डाव्या बाजूला ते कोमट लागलं.

"ओतून देऊ का?" रुइफांगने विचारलं. ती त्याच्याकडे बघत होती, नवऱ्याकडे नाही. "की परत चढवू? आच तशीच आहे, किटलीत पाणी उकळतंय. भांडं अजून गार झालेलं नाही. जाड आहेत त्या बारीक केल्या, तर अंधार पडेपर्यंत होईल."

प्रश्न भांड्याचा होता, पण त्यातला दुसरा भाग त्याला ऐकू आला. ज्याने कापलं त्याने पहिली चकती खायची. जाड चकत्या आता ती कापणार होती.

कापायची सुरी त्याच्या जागेशेजारी, खिडकीत होती. बापाची होती, पातं झिजून अर्धं झालेलं. त्याने ती डाव्या हाताने उचलली, पातं स्वतःकडे आणि मूठ तिच्याकडे करून धरली.

"काप," तो म्हणाला. "अंगठा आत ठेव. अर्धवट शिजलेला कंद घसरतो."

तिने खाणावळीतल्या बाईसारखं कापलं, भराभर, एकसारखं, पात्याचा आवाज पाटावर सलग वाजत. चकत्यांतून पाटाची नक्षी दिसत होती. खोंग मान पुढे काढून बघत राहिला. "तुझ्यापेक्षा बऱ्या कापते रे," तो म्हणाला, आणि मग आपण हे आत्ता बोलायला नको होतं असं त्याला वाटलं असावं, कारण तो चुलीत लाकूड सारायला आत गेला.

बाहेर संत्र्याची झाडं पुन्हा काळसर झाली होती. चाओलिनने फोन करून कामावर उद्या येत नाही असं कळवलं. मग तो बापाशेजारी येऊन बसला. आत भांडं खदखदत होतं.

"उद्या सकाळी निघू," चाओलिन म्हणाला. "आधी दवाखान्यात जाऊ. मग घरी."

"हं."

"मी तेव्हाच म्हटलं होतं, विचारणार नाही म्हणून."

"म्हटलं होतंस."

चाओलिनची वादाची तयारी होती. ती वाया गेल्यासारखा तो थोडा वेळ हात गुडघ्यांवर ठेवून बसला, मग उठून बापाच्या पायाशी निखाऱ्यांची टोपली सरकवून गेला.

खोंग आतून परतला. कपाळाला काजळी लागली होती. "तुझं शेत मी बघतो," तो म्हणाला. "वसंतात छाटणी माझी. पण सांगून ठेवतो, तीन ठेवीन."

"दोन."

"अरे, तू शहरात सोफ्यावर बसणार आणि इथे माती मी उकरणार! तीन."

"शेत माझं आहे."

"हात माझे आहेत!"

थिंगवेनने विचार केला. त्याच्या डोळ्यांसमोर वसंतातली माती आली, खुरप्याने बाजूला सारलेली, ओली, आणि आईकंदाला चिकटलेले बारीक पांढरे अंकूर, त्यातले कुठले ठेवायचे ते बोटांना आपोआप कळायचं. डाव्या हाताच्या बोटांना ते कधी शिकवलं नव्हतं.

"बांधाकडच्या ओळीत दोन ठेव," तो म्हणाला. "तिथली माती हलकी आहे. बाकी तुला हवं ते कर."

खोंगने आ वासला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच जिंकला होता.

पूर्ण अंधार पडल्यावर रुइफांगने भांडं पुन्हा आणलं. नवी उदबत्ती लावली. या वेळी ती बसली, थिंगवेनच्या नेहमीच्या जागेवर नाही, त्याच्या शेजारी. भांड्यातली सगळ्यात जाड चकती शोधायला तिला वेळ लागला, कारण जाड अशी राहिलीच नव्हती. तिने एक उचलली, दिव्याकडे धरून आरपार पाहिली, चावली आणि गिळली.

आता वाट पाहायची पाळी त्याची होती. एवढ्या वर्षांत तो वाट पाहणाऱ्यांत कधी बसला नव्हता, त्यामुळे चकती खाणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय बघायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. सूझेन काय बघत असेल? तो सुनेच्या ओठांकडे बघत राहिला, मग तिच्या बोटांकडे. तिने ती टेबलावर सरळ पसरून ठेवली होती. ती हलत नव्हती.

उदबत्ती शेवटपर्यंत जळली.

"काही नाही," रुइफांग म्हणाली. मग घाईने, जणू आपण कुणाच्या तरी जागी बोललो असं वाटून, "बाबा, जीभ साफ आहे. वाढू?"

"वाढ," थिंगवेन म्हणाला.

तिने पहिला वाडगा त्याच्यापुढे ठेवला. त्याने काड्या डाव्या हातात घेतल्या, घास तोंडाच्या डाव्या बाजूला सरकवला आणि चावायला लागला. आलं जास्त झालं होतं. ते त्याने सांगितलं नाही.